सासऱ्यांच्या गाडीची टिकटिक

४ मार्च, रविवार, सकाळी ७.१५

निश्चय झाला. सासऱ्यांच्या गाडीचा रिले मी स्वतः दुरुस्त करणार. अर्ध्या रविवारचं काम. उरलेला अर्धा रविवार कौतुक ऐकण्यासाठी राखून ठेवला आहे.

वस्तुस्थिती नोंदवून ठेवतो. सासरे गेल्या वर्षी गेले. गाडी पंचावन्न वर्षांची, फिक्या हिरव्या रंगाची, खाली गॅरेजमध्ये उभी. कागद सासूबाईंच्या कपाटात. येत्या २७ तारखेला गाडी तपासणी केंद्रावर न्यायची आहे. काल चहा पिता पिता सासूबाईंनी जाहीर केलं की गाडी पास झाली तर घरात राहील, नापास झाली तर समोरच्या दंतवैद्याला देऊन मोकळी होईन. एवढं बोलून त्यांनी बिस्किट बुडवलं. ही बाई बिस्किट कधीच मोडू देत नाही.

ब्रेक ठीक, हॉर्न ठीक, मोठे दिवे ठीक. फक्त वळताना लावायचा इंडिकेटर लुकलुकत नाही. दांडी खाली केली की दिवा लागतो आणि तसाच टक लावून बघत राहतो. दिव्याची उघडझाप करतो तो रिले नावाचा छोटासा डबा. तो गेला. वयच झालं होतं त्याचं.

ही (म्हणजे पत्नी, डायरी मीच वाचणार असलो तरी नोंद स्पष्ट हवी) म्हणाली, आधी भिंगांना विचारा. भिंग म्हणजे सासऱ्यांचा जुना ऑटो इलेक्ट्रिशियन. चष्म्यावर आणखी एक भिंग लावून हिंडतो म्हणून हे नाव. मला या माणसाचा उबग येतो. कशालाही हात न लावता नुसता बघत बसतो. मी तीस वर्षं पंपाच्या कारखान्यात काढली आहेत. पॅकिंग विभागात का असेना. एकूण एक पंप माझ्या डोळ्यांखालून खोक्यात गेला आहे.

४ मार्च, दुपारी १.४०

डॅशबोर्डखाली शिरलो. पाय सीटच्या पाठीवर, डोकं पेडलांपाशी. माणसाने पाहू नये अशा काही जागा या जगात असतात, त्यातली ही एक. पेपरमिंटच्या तीन गोळ्या विरघळून एक झालेल्या, त्यात केस. उंदराच्या लेंड्या. केसांची एक पिन. एक झुरळ माझ्या नाकापासून बोटभर अंतरावर उताणं पडलेलं. मेलेलं होतं म्हणून बरं. मान उचलली तर पेपरमिंट मानेबरोबर आलं.

रिले सापडला नाही. एक वायर मात्र आपण होऊन हातात आली. कुठून आली ते समजलं नाही. जिथे शोभेल अशा जागी परत जोडली.

४ मार्च, दुपारी ४

ब्रेक दाबला की हॉर्न वाजतो. जुन्या गाडीत अशा लहरी असायच्याच.

५ मार्च

हॉर्न ऐकून दंतवैद्य खाली आला. याला मी मनात दाढवाला म्हणतो. रोज संध्याकाळी दवाखाना बंद करून येतो आणि बॉनेटवरून हात फिरवतो. दिवसभर ती बोटं लोकांच्या तोंडात असतात! तो गेल्यावर मी बॉनेट ओल्या फडक्याने पुसतो. आज विचारत होता, सत्तावीस तारीख नक्की ना. आयत्या बिळावर नागोबा. त्याला सांगितलं, गाडी माझ्या हातात आहे, चिंता नको. तो म्हणाला, त्याचीच तर चिंता आहे. आणि दात दाखवून हसला. दात चांगले आहेत, हे कबूल करायला हवं.

रिले सापडला. स्टिअरिंगच्या वर, कोपऱ्यात, खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीएवढा ॲल्युमिनिअमचा डबा. वर सासऱ्यांच्या अक्षरात काही आकडे. काढून खिशात टाकला. उद्या नवा आणतो, परवा काम फत्ते.

७ मार्च

स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदार पान उलटावं तसा रिले उलटा-सुलटा करत राहिला. म्हणाला, ह्या मापाचा हा टिकटिक वाजणारा रिले वीस वर्षांत पाहिला नाही. आता सगळे इलेक्ट्रॉनिक, मुके. मग एकदम विचारलं, बल्ब कुठले लावलेत?

प्रश्नाचा रोख कळला नाही. मी ग्राहक, रिले मागतो आहे, आणि हा बल्बांची चौकशी करतो. डोकं दुखतंय म्हणून गेलं तर वैद्याने चपलेचं माप विचारावं! तरी सांगितलं, बल्ब उत्कृष्ट आहेत. गेल्या ऑगस्टमध्ये मीच चारही कोपऱ्यांचे जुने, तापणारे बल्ब काढून नवे एलईडी बसवले. एकदशांश वीज खातात. दिवे असे लख्ख की बघणाऱ्याने डोळे मिटावेत. (नेमका तेव्हापासूनच रिलेने दम सोडला, हा त्या रिलेचा करंटेपणा. गाडीला चांगले दिवस आले आणि याने मान टाकली.)

दुकानदार काही तरी बोलायला लागला होता. मी नवा रिले घेऊन बाहेर पडलो. ज्याची मिशी एका बाजूला लांब आहे त्याच्याकडून मी वीजशास्त्र शिकणार नाही.

८ मार्च

नवा रिले बसवला. दिवा लुकलुकला! पण असा लुकलुकला की काय सांगावं. डोळ्यात कुसळ गेल्यासारखी फडफड. घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला एकशे नव्वद वेळा. नियमात साठ ते एकशेवीस बसतात.

निष्कर्ष: नग खराब. आजकाल लोकांना चांगली वस्तू बनवायची लाजच वाटते.

९ मार्च

दुसऱ्या दुकानातून दुसरा रिले आणला. एकशे नव्वद.

१० मार्च

तिसरा. एकशे नव्वद. एकूण एक कारखाना बिघडला आहे. आमच्या पॅकिंग विभागातून असा माल बाहेर गेला असता तर मी त्या खोक्यावर स्वतः फुली मारली असती.

संध्याकाळी ही गॅरेजमध्ये आली. फडफड बघितली. म्हणाली, अहो, ऑगस्टपर्यंत चांगलं चालत होतं की. तुम्ही बल्ब बदलले आणि बंद पडलं. जुने बल्ब परत लावून बघा ना.

बायकांचं तर्कशास्त्र. परवा मी न्हाव्याकडे गेलो आणि त्याच दिवशी नळाला पाणी आलं नाही, म्हणून केस परत चिकटवायचे का?

शांतपणे समजावलं की बल्ब हा प्रकाशाचा विषय आणि रिले हा वेळेचा. ती गप्प राहिली. समजलं असावं. मग मागच्या सीटवर जाऊन बसली आणि भलतंच सांगायला लागली. लहानपणी बाहेरगावहून परतताना ती याच सीटवर झोपायची म्हणे. घराच्या वळणावर बाबा इंडिकेटर लावायचे, टिकटिक सुरू व्हायची. त्या आवाजाने तिला जाग यायची आणि लगेच ती झोपेचं सोंग घ्यायची, म्हणजे बाबा उचलून घरात नेतील. टिकटिक ऐकल्याशिवाय वळायचं नाही, हा बाबांचा नियम. स्वतःच लावलेला इंडिकेटर, तरी दोन-तीनदा ऐकायचे आणि मगच चाक फिरवायचे. ती म्हणाली, मला बाकी काही नको, ती टिकटिक तेवढी पुन्हा ऐकायची आहे.

तांत्रिकदृष्ट्या निरुपयोगी माहिती. तरी नोंदवून ठेवली.

११ मार्च, रविवार

इंडिकेटरवाचून अडत नाही हे सिद्ध करण्यासाठी गाडी रस्त्यावर काढली. जुन्या काळी लोक हात बाहेर काढूनच वळत होते. हात हा मूळ इंडिकेटर. सासूबाई मागे बसल्या. त्यांना चष्म्याच्या दुकानात जायचं होतं.

पहिल्या वळणावर हात बाहेर काढला. शेजारून जाणाऱ्या सायकलवाल्याने टाळी दिली. दुसऱ्या वळणावर मागच्या बसवाल्याला वाटलं, मी पुढे जा म्हणतोय. तो पुढे गेला आणि मी वळलो. दोघांनी एकदमच ब्रेक दाबला, त्यामुळे माझा हॉर्नही वाजला, आणि त्याला वाटलं मी शिव्या देतोय. मग त्याने खऱ्या दिल्या. तिसऱ्या वळणावर वरच्या गॅलरीतून कोणी तरी फरशी पुसल्याचं पाणी ओतत होतं. हात कोपरापर्यंत भिजला. पाण्याला फिनेलचा वास नव्हता. कशाचा होता त्याचा विचार करायचा नाही असं ठरवलं आहे.

सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते आज प्रत्यक्ष बघितलं.

हात तीन वेळा साबणाने धुतला. अजून वास येतो.

१३ मार्च

नवा विचार: फडफड ही खोड नसून गुण आहे. चपळ इंडिकेटर. मागच्याच्या लगेच लक्षात येणार. असं लेखी निवेदन तपासणी केंद्राला द्यावं.

१३ मार्च, दुपारी

निवेदन हिला वाचून दाखवलं. तिने विचारलं, यात टिकटिक कुठे आहे? म्हणालो, इलेक्ट्रॉनिक रिले शांत असतो, ती प्रगती आहे. ती भाजी चिरायला निघून गेली. सुरीचा आवाज नेहमीपेक्षा मोठा वाटला.

१६ मार्च, सकाळी ६.३०

पहाटे उठून बसलो आणि सगळं लख्ख दिसलं. बाजारातला कचरा आणायचाच कशाला? मूळ रिले माझ्या टेबलावर पडला आहे. तोच उघडायचा, आतला दोष काढायचा, पुन्हा बंद करायचा. मूळ ते मूळ. दिवाही लुकलुकेल आणि हिला हवी ती टिकटिकही येईल. हे कोणाला सुचलं नाही याचं आश्चर्य वाटत नाही.

आज ही सासूबाईंना घेऊन डोळे तपासायला जाणार आहे. घर रिकामं. संध्याकाळी आल्यावर थक्क होतील.

१६ मार्च, सकाळी ११

डबा उघडत नाही. कडा सगळीकडून दाबून बसवलेल्या. पूर्वीच्या लोकांना कोणावर विश्वास नव्हता.

१६ मार्च, सकाळी ११.५०

करवतीच्या पात्याने कापला. दोनदा अंगठाही कापला. ॲल्युमिनिअमचा कीस बनियनमध्ये गेला आहे आणि घामाला चिकटला आहे. स्वतःच्या अंगाची किळस येते आहे.

आत काय? काहीच नाही. म्हणजे एक पातळ पट्टी, तिच्यावर केसासारखी तार, आणि दोन ठिपके. बस्स. सगळं स्वच्छ, चकचकीत, जणू कालच बसवलंय. हाच तर संशय. पंचावन्न वर्षांचा भाग इतका स्वच्छ? दोष नक्कीच खोलवर दडलेला आहे.

१६ मार्च, दुपारी १२.१५

सापडला! पट्टी वाकलेली आहे. मधोमध कमानीसारखी. वयोमानाने वाकली असणार, माझीही पाठ तशीच आहे. पकडीने सरळ करतो.

१६ मार्च, दुपारी १२.२०

मोडली.

१६ मार्च, दुपारी १२.४०

तार वेगळी, पट्टीचे दोन तुकडे, डब्याचे दोन अर्धे. डिंकाने चिकटवून पाहिलं. डिंक बोटांना चिकटला, पट्टीला नाही. आता हे सगळं बटाट्याच्या सालांखाली, कचऱ्याच्या डब्यात. वर चहाचा चोथा घातला. माझ्यासारख्या माणसावर ही वेळ यावी! घरातल्या घरात चोरासारखं चोथा पसरत होतो.

१६ मार्च, संध्याकाळी ७

हिने विचारलं, बाबांचा रिले कुठे? सांगितलं की फार जीर्ण झाला होता, हात लावताच गेला. वाक्य तसं खोटं नाही. हात लावलाच होता.

तिने माझ्या अंगठ्यावरच्या दोन पट्ट्यांकडे बघितलं. जेवताना सासूबाईच बोलत होत्या. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे म्हणाल्या, पण जे दिसायचं ते सगळं दिसतं.

१८ मार्च, रविवार

दाढवाला टेप घेऊन आला आणि गाडीची लांबी-रुंदी घेऊन गेला. त्याच्या गॅरेजमध्ये बसते का ते बघायचं होतं. मी समोर उभा! माझ्या हातात टेपचं दुसरं टोक दिलं आणि जरा धरा म्हणाला. मी धरलं. का धरलं ते कळत नाही. या गोष्टीची स्वतःला इतकी शिसारी आली की जेवणात दुसऱ्यांदा भात घेतला नाही. (कढी घेतली.)

१९ मार्च

अंतिम योजना. रिले हवाच कशाला? रिले करतो काय, तर दिवा लावतो-विझवतो. ते मी करीन. वळताना डाव्या हाताने चाक, उजव्या हाताने इंडिकेटरची दांडी खाली-वर. मिनिटाला ऐंशी. तपासणी अधिकारी बाहेर उभा असतो, त्याला नुसते दिवे दिसणार.

बसल्या जागी सराव केला. उत्तम. तीन मिनिटांत खांदा भरून आला, पण लय पक्की.

२० मार्च

चालत्या गाडीत सराव. फाटकातून वळताना लय इतकी छान लागली की चाक फिरवायचं राहिलं. तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या सात कुंड्या होत्या. आता दोन आहेत. ब्रेक दाबला, म्हणून हॉर्न वाजला, म्हणून सगळी बिल्डिंग गॅलरीत आली. शिंपीणबाई म्हणाल्या, बल्ब बसवता येईना आणि रिलेला दोष, अशातली गत. म्हणजे बल्बाचं यांनाही माहीत! ही कुठे कुठे बोलली आहे कोण जाणे.

गाडीच्या बंपरला फक्त चरा. तो मी हिरव्या रंगाच्या पेनाने भरला. लांबून कळत नाही. फार लांबून.

२१ मार्च

हिने गाडीची किल्ली मागितली. दिली. कशासाठी ते विचारलं नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघून विचारावंसं वाटलं नाही. सहा दिवस उरले आणि माझ्याकडे एकही योजना नाही, हे फक्त इथे लिहितो.

२३ मार्च

भिंग आला. मी बोलावला नाही. हिने बोलावला. मी खाली गेलो ते केवळ तो गाडीत काय काय बिघडवतो त्यावर लक्ष ठेवायला.

अपेक्षेप्रमाणे कशालाही हात न लावता बघत बसला. इंडिकेटर लावला, फडफड बघितली, चार-पाच सेकंद मोजलं असेल. डॅशबोर्डखाली वाकलासुद्धा नाही. मागे जाऊन लाल काचेत डोकावला आणि विचारलं, हे चांदण्यासारखे दिवे कोणी बसवले?

मी काही बोललो नाही. हीही काही बोलली नाही. आम्ही दोघं काही बोललो नाही यावरून त्याला कळलं.

मग त्याने सांगितलं ते असं. जुना रिले बल्बच्या भारावर चालतो. बल्ब भरपूर वीज ओढतो, त्या विजेने आतली पट्टी तापते, वाकते, सुटते, निवते, परत चिकटते. तीच टिकटिक. एलईडीने वीज ओढलीच नाही, पट्टी तापलीच नाही, म्हणून दिवा नुसता जळत राहिला. आणि नवा रिले समजतो की भार कमी आहे म्हणजे एखादा बल्ब उडालाय, म्हणून घाई करून इशारा देतो. रिले एकही खराब नव्हता.

ही आत गेली आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात कापसात गुंडाळलेले चार जुने बल्ब. ऑगस्टमध्ये मी फेकले होते ते. तिने उचलून ठेवले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण कळसा काखेत आहे हे काखेने मला सांगायला नको होतं का? (सांगितलं होतं. १० मार्च पाहा.)

चार मिनिटं. मी घड्याळ बघत होतो. चार बल्ब बसले, दांडी खाली केली, आणि दिवा असा निवांत लुकलुकायला लागला की मलाच कसंतरी झालं. मिनिटाला ऐंशी. पण आवाज नाही, रिले नवा होता ना. जाता जाता भिंगाने हॉर्नची वायरही जागेवर लावली आणि मला विचारलं, ही इथे कुठल्या गाढवाने जोडली? म्हणालो, जुनी गाडी, कोण सांगणार.

मग तो हिला म्हणाला, आता बाबांचा जुना रिले आणा, तो बसवतो. तो कधी बिघडला नव्हता. असा आता मिळायचा नाही. वरचे आकडे त्यांनी माझ्यासमोर लिहिले होते, बसवल्याची तारीख.

मी कुंड्यांकडे बघत उभा राहिलो.

हिने बिस्किटांच्या डब्यातला कापसाचा खालचा थर उचलला. त्याखाली रिले. डब्याचे दोन अर्धे, पट्टीचे दोन तुकडे, तार. सगळं धुतलेलं. चहाच्या चोथ्याचा एक कण नाही. तिने ते बॉनेटवर मांडले.

भिंगाने दुसरं भिंग डोळ्यावर ओढलं, खूप वेळ बघितलं, मग चष्मा काढून शर्टाने पुसला. करवत? एवढंच विचारलं. मी मान हलवली. तो म्हणाला, ताई, हे नाही जुळायचं आता. मग काढलेले एलईडी बल्ब गोळा करून गेला.

मला वाटलं ही ओरडेल. ओरडायला हवं होतं. ती म्हणाली, दिवे चालतात, पास होईल गाडी. आणि तुकडे एकेक करून परत कापसात ठेवले.

आज माझ्या दोन्ही हातांचा मला वीट आला आहे.

२४ मार्च

निश्चय: यापुढे कोणत्याही वस्तूला हात लावायचा नाही.

२४ मार्च, दुपारी

रेडिओचा आवाज खरखरतो. फक्त मागचं झाकण उघडून बघितलं. परत लावलं. एक स्क्रू उरला. खिशात आहे.

२७ मार्च, मंगळवार

तपासणी.

मी चालकाच्या दाराशी उभा होतो, इस्त्रीचा शर्ट घालून. ही आली, दार उघडलं आणि आत बसली. मी म्हणालो, तुला जमेल? सासूबाई वरून, गॅलरीतून म्हणाल्या की तिला गाडी तिच्या बाबांनी शिकवली, तुमची ओळख व्हायच्या आधी. आणि कागदावर नाव तिचंच घातलं आहे, गेल्या आठवड्यात. वीस दिवस मी या गाडीत उलटा लोंबकळत होतो आणि ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. किंवा मी विचारली नव्हती.

डावीकडच्या सीटवर बसलो. पँटला काही तरी चिकटलं. पेपरमिंट.

ती चांगली चालवते. हे मान्य करायला जड जातं म्हणून लहान अक्षरात लिहितो.

केंद्रावर अधिकाऱ्याने ब्रेक बघितले, दिवे बघितले, इंडिकेटर डावा, उजवा. मी तोंड उघडलं होतं, थोडी तांत्रिक पार्श्वभूमी सांगावी म्हणून. त्याने बंपरवरच्या हिरव्या पेनाच्या रेघेवर बोट फिरवलं, बोट हिरवं झालं, ते त्याने माझ्याकडे बघत रुमालाला पुसलं. मी तोंड मिटलं. त्याने शिक्का मारला. पास.

आम्ही निघालो. केंद्राच्या फाटकाशी उजवीकडे वळायचं होतं. हिने इंडिकेटर लावला. दिवा लुकलुकत होता. गाडीत एकदम शांत. ती वळली नाही. दोन्ही हात चाकावर, समोर बघत बसून राहिली. रस्ता मोकळा होता. मागे एक टेम्पो येऊन थांबला. त्याने हॉर्न दिला. ती जागची हलली नाही. मला आधी वाटलं गाडी बंद पडली. मग कळलं की ती ऐकते आहे. ऐकल्याशिवाय वळायचं नाही, आणि ऐकायला काही उरलेलं नाही. ते मी करवतीने कापलं होतं.

टेम्पोवाला खाली उतरायला लागला. माफ कर म्हणायला हवं होतं, पण ते तोंडातून निघेना. निघालं ते भलतंच. जीभ टाळूला लावली आणि टिक केलं. मग टक. टिक, टक, टिक, टक. छप्पन्न वर्षांचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, आणि हे.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, जास्त वेगात होतंय. बाबांची हळू होती.

हळू केलं.

तिने दोन-तीनदा ऐकलं. नाक ओढलं. मग चाक फिरवलं.

२८ मार्च

सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं, चाकावर ही. जाता-येता अकरा वळणं. सगळ्यांना टिकटिक मी केली. सासूबाई मागून म्हणाल्या, या गाडीत जावईबापू पहिल्यांदाच कामाला आले. घराच्या वळणावर मी जरा लांबवलं, कारण ही आरशात मागच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत होती.

माझा आवाज मूळ आवाजाच्या फार जवळ जातो, असं माझं प्रामाणिक मत आहे. ही म्हणते, टक जरा जाड होतो.

३१ मार्च

तीन दिवस सतत टकटक केल्यामुळे डावीकडच्या दाढेतलं सिमेंट निखळलं. दाढवाल्याकडे जावं लागलं. हातची गाडी गेल्याचं दुःख तो विसरलेला नाही, हे त्याच्या बोटांवरून कळत होतं. तीच बोटं, बॉनेटवर फिरणारी, माझ्या तोंडात. शिसारी शब्द अपुरा आहे. काम झाल्यावर म्हणाला, दोन दिवस जीभ तिथे लावायची नाही.

घरी येऊन हिला सांगितलं. ती जेवणाची ताटं मांडत होती. म्हणाली, ठीक आहे, मग दोन दिवस गाडी बाहेर काढायला नको.